नदीसाठी सरकलेलं गाव

हॉलंडला जाऊन आलेल्या बाईकडून ऐकणाऱ्यांच्या काही ठराविक अपेक्षा असतात. ट्यूलिपची शेतं, पवनचक्क्या, चीज आणि लाकडी बूट. मैत्रिणींनो, हे सगळं मीही पाहिलं. लाकडी बुटांची एक जोडी तर आमच्या शोकेसमध्येच आहे आणि येणारा प्रत्येक जण ती पायात घालून बघतो. पण या गोष्टींवर आजवर पुष्कळ जणींनी लिहिलं आहे. मी तुम्हांला नेणार आहे एका नदीच्या वळणावर. तिथे एक गाव आहे आणि नदीला जागा हवी म्हणून त्या गावाने आपला बांध साडेतीनशे मीटर मागे घेतला आहे.

मी सांगलीची. नदी आणि जागा हे दोन शब्द एका वाक्यात आले की आम्हां सांगलीकर बायकांचे कान का टवकारतात, हे तुम्हांला सांगायला नको.

माझी धाकटी बहीण नायमेखन नावाच्या शहरात राहते. (स्पेलिंग वाचून आपण ‘निजमेगन’ म्हणतो, पण तसं म्हटलं तर तिथल्या बसवाल्यालाही कळत नाही.) तिच्या बाळंतपणाला आईने जायचं, पण गुडघ्यांनी संप पुकारलेला. माझी शाळेतली नोकरी अर्धवेळ, म्हणून बिनपगारी रजा काढून, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि दुपट्यांचं गाठोडं घेऊन फेब्रुवारीत मीच निघाले. सासूबाईंनी इकडचं घर सांभाळलं म्हणून हे जमलं, हेही लिहून ठेवते.

शहरातून वाहणाऱ्या नदीचं नाव वाल. हो, आपण उसळ करतो तोच उच्चार! जर्मनीतून ऱ्हाईन नदी हॉलंडात शिरली की तिला लगेच फाटे फुटतात. त्यांतला सर्वांत थोरला हा वाल. ऱ्हाईनचं जवळजवळ दोन तृतीयांश पाणी तो एकटा वाहून नेतो. मी सातवीला भूगोल शिकवते, तेव्हा ऱ्हाईन मला नकाशावरची निळी रेघ म्हणून ठाऊक होती. प्रत्यक्षात ती वाहता हमरस्ता आहे. लांबच लांब मालवाहू नावा एकामागोमाग चाललेल्या असतात. त्यांवर नावाड्यांचे संसारही असतात. खिडक्यांना लेसचे पडदे, कुंड्या, आणि छपरावर चक्क मोटार उभी केलेली! बाळ झोपलं की मी बाबागाडी घेऊन धक्क्यावर जायची आणि त्या पडद्यांमागच्या बायका स्वयंपाक कुठे करत असतील, धुणं कुठे वाळत घालत असतील, याचा विचार करत बसायची.

आता थोडा भूगोल, कंटाळू नका. नायमेखन दक्षिण तीरावर, उंचवट्यावर वसलं आहे. गल्ल्या उतरत उतरत नदीपर्यंत येतात. समोरच्या तीरावर लेंट नावाचं खेडं. ती जमीन मात्र परातीसारखी सपाट, तिला वाचवायला मातीचा उंच बांध. आणि नेमकी इथेच नदी जोरात वळते आणि सुरईच्या गळ्यासारखी अरुंद होते. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला बांध. पुराचं पाणी आलं की त्याने जायचं कुठे?

डच लोकांचं पाण्याशी नातं जुनं आणि दुखरं आहे. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री समुद्राचं उधाण बांध फोडून आत शिरलं आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी समुद्राच्या बाजूला अशी प्रचंड बांधकामं केली की जगभरचे इंजिनिअर ती बघायला येतात. पण १९९३ आणि १९९५ साली पाणी आलं ते मागच्या दाराने, नद्यांतून. १९९५ मध्ये सुमारे अडीच लाख माणसांना घरं सोडावी लागली, शिवाय लाखो गुरंढोरं.

बहिणीच्या शेजारी सत्तरीच्या पुढच्या एक बाई राहतात. त्या बाळाला बघायला आल्या तेव्हा बहिणीने तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यांना कुरकुरीत टोस्टवर लोणी आणि त्यावर साखरेत घोळवलेली गुलाबी-पांढरी बडीशेप दिली. मुलगा झाला तर निळी-पांढरी. बाळंतिणीला दूध येण्यासाठी बडीशेप चांगली, असं त्यांच्याकडेही मानतात! मी माझ्या बाळंतशेपांचा डबा पुढे केला आणि आमची गट्टी जमली. १९९५ साली या बाई शहराजवळच्याच ओय नावाच्या खेड्यात राहत होत्या. मी विचारलं, “पहिल्यांदा काय उचललंत?” बहीण मध्ये दुभाष्याचं काम करत होती. त्या म्हणाल्या, लग्नातला टेबलक्लॉथ आणि मुलांचे फोटो. गालिचे गुंडाळून माडीवर नेले, गाई ट्रकमध्ये चढवल्या, आणि दार ओढून घेतलं. तेव्हा बांध फुटले नाहीत. काही दिवसांनी त्या परत आल्या तर गालिचे कोरडेच होते. “पण तुम्हांला सांगते,” त्या म्हणाल्या, “त्या दिवसांत बांधाच्या आतल्या बाजूने चालताना नदीचं पाणी आपल्या डोक्याच्या वर आहे हे कळायचं. तसं मला पुन्हा झोपायचं नाही.”

बांध टिकले होते. मग आपण काय केलं असतं? बांध आणखी दोन हात उंच केला असता आणि कोनशिलेवर नाव घातलं असतं. तिथल्या जाणकारांनीही शेकडो वर्षं तेच केलं होतं. पण या वेळी त्यांनी वेगळा हिशेब मांडला. दोन बांधांमध्ये नदी दरवर्षी गाळ टाकते, म्हणून तिच्याकडची जमीन वर येत जाते. बांधामागची जमीन, जिथे माणसं राहतात, ती पाणी उपसून उपसून खाली बसत जाते. म्हणजे भिंत जितकी उंच, तितकं ती फुटल्यावर आत कोसळणारं पाणी खोल. आणि हवा तर तापतेच आहे. एका अंशाने तापली तर ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस पडतो तेव्हा कोसळतोच. आल्प्सवर जे पाणी बर्फ होऊन उन्हाळ्यापर्यंत थांबायचं, ते आता हिवाळ्यातच पाऊस होऊन नदीत येऊ लागलं आहे.

दूध उतू जायला लागलं की आपण काय करतो? पातेल्याच्या काठावर विटा रचत नाही. आच कमी करतो, नाही तर दूध मोठ्या तोंडाच्या भांड्यात ओततो. आच कमी करणं एकट्या हॉलंडच्या हातात नाही. म्हणून त्यांनी भांडं मोठं करायचं ठरवलं. ‘नदीला जागा’ याच नावाची सरकारी योजना २००७ च्या सुमाराला सुरू झाली. तीसहून अधिक ठिकाणी कुठे बांध मागे घेतले, कुठे मळीची जमीन खोल केली, कुठे नवे प्रवाह खणले, कुठे पाण्याला अडणारी बांधकामं काढली. खर्च दोनशे कोटी युरोंच्या वर. पूर्वी ऱ्हाईनचं सेकंदाला १५,००० घनमीटर पाणी सुखरूप जावं असा हिशेब होता, तो आता १६,००० चा झाला. आपल्याकडे पावसाळ्यात रोज पेपरात येणाऱ्या भाषेत सांगायचं तर साडेपाच लाख क्युसेकच्या वर.

लेंटला त्यांनी बांध ३५० मीटर मागे नेला आणि जुना बांध नि नवा बांध यांमध्ये तीनेक किलोमीटर लांबीचा नवा प्रवाह खणला. त्याचं नाव ‘स्पीखलवाल’, म्हणजे आरसा-वाल. वारा नसला की नाव पटतं. मूळ नदी आणि हा आरसा यांच्यामध्ये लेंटचा एक तुकडा बेट होऊन राहिला आहे. नव्या प्रवाहाच्या वरच्या तोंडाशी एक दगडी आड आहे. तिला ते त्यांच्या भाषेत उंबरठाच म्हणतात. नदी शांत असताना उंबरठ्याबाहेर, चढली की उंबरठा ओलांडून आत. उन्हाळ्यात मुलं तिथे पोहतात, वाळूत लोळतात. २०१६ पर्यंत सगळं पुरं झालं. आणि एवढं करून मोठ्या पुरात पाण्याची पातळी उतरते किती? सुमारे ३५ सेंटिमीटर.

“एवढंच?” असं मनात आलं ना? दीड वीत पाणी म्हणजे काय, ते पूर पाहिलेल्या बाईला विचारा. दीड वीत म्हणजे पाणी गादीच्या वर की खाली. तांदळाच्या पिंपात शिरणार की पिंपाच्या बुडाशी थांबणार. आमच्या सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ च्या ऑगस्टात ५७ फुटांच्या वर. आमचा तळमजला त्यात होता. अकरा दिवसांनी दार उघडलं तेव्हा कपाटं आडवी, मुलांच्या वह्यांचा लगदा आणि सगळ्यावर चॉकलेटी गाळाची साय. त्या वर्षी ब्रह्मनाळला पूरग्रस्तांनी भरलेली नाव उलटली आणि माणसं गेली. आमचं त्यांच्यापुढे काहीच नाही. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. तेव्हा आम्ही आदल्या रात्रीच गॅस, फ्रीज आणि देव माडीवर नेले. त्यामुळे लेंटच्या पुलावर उभी राहून हे सगळं ऐकताना माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो पैशांचा नव्हता. मी विचारलं, “तिथे घरं होती ना? त्या बायकांचं काय झालं?”

पन्नास घरं पाडावी लागली. गावाने सुरुवातीला विरोध केला, आणि का करू नये? कित्येक वर्षं सभा, भांडणं, नकाशे, पुन्हा सभा. शेवटी मोबदला घेऊन लोक उठले. शेजारच्या बाईंची एक मैत्रीण त्यांत होती. तिचं नवं घर जास्त उबदार आहे, पैसेही नीट मिळाले. पण जुन्या परसातलं नासपतीचं झाड होतं तिथे आता पाणी आहे आणि पुलावरून सायकलने जाताना ती त्या बाजूला मान वळवत नाही. हे मला फार खरं वाटलं. सगळं छान झालं, सगळे खूश आहेत, असं कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

एका रविवारी बहिणीच्या यजमानांनी आम्हांला तासाभरावरच्या ओवरडीप नावाच्या पोल्डरमध्ये नेलं. पोल्डर म्हणजे बांध घालून कोरडी ठेवलेली सखल जमीन. इथे दूधदुभत्याची शेतं आहेत. नदीला जागा देण्यासाठी हा पोल्डर लागणार असं कळलं तेव्हा शेतकऱ्यांनी नुसतं ‘नाही’ म्हटलं नाही, ‘असं करा’ म्हणून आपलीच योजना पुढे ठेवली. पोल्डरच्या एका कडेला मातीचे उंच टेकाड रचायचे, दोन पुरुष उंचीच्याही वर. त्यांवर घर आणि गोठे. आणि नदीकडचा बांध मुद्दाम बुटका करायचा. मोठा पूर आला की पाणी शेतात पसरेल, घर आणि जनावरं वर कोरडी राहतील. अशी पाळी साधारण २५ वर्षांतून एकदा यावी असा हिशेब. सगळ्यांना टेकाडं मिळाली नाहीत, जागा पुरणार नव्हती. जवळजवळ निम्मी कुटुंबं मोबदला घेऊन दुसरीकडे गेली. आम्ही गेलो तेव्हा टेकाडावर एक बाई दोरीवर चादरी घालत होती. खाली तिच्या शेतात उद्या नदी येऊ शकते हे तिला ठाऊक आहे, तिने त्यावर सही केली आहे.

२५ वर्षं हा आकडा ऐकून मी चमकले. कारण तो आपल्याकडेही आहे! महाराष्ट्रात नद्यांना पूररेषा आखतात. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत, नदीच्या बाजूला, घर बांधायला मनाई आहे. म्हणजे नदीची जागा किती, हे कागदावर आपणही ठरवलं आहे. फरक इतकाच की तिकडच्या बाईने सही केली, आणि आपल्याकडे ही रेषा आपल्या न्हाणीघरातून गेली आहे हे पुष्कळदा पाणी आल्यावर कळतं. नदीला जागा आपण देतोच आहोत. दर काही वर्षांनी कोणी तरी आपला तळमजला देतो, आणि बहुतेक वेळा जिला स्वस्तात तेवढीच जागा परवडली तीच बाई. फक्त तिला कुणी विचारलेलं नसतं आणि मोबदला म्हणून रांगेत उभं राहून मिळालेले तांदूळ-गहू आणि थोडी रक्कम.

तिथे सारं सोन्याचं आहे असं मात्र समजू नका. त्यांच्याकडे पैसा आहे, आणि ऱ्हाईनचा पूर वरून खाली येतो तो चार-पाच दिवसांची वर्दी देऊन. शिवाय पाण्याचा कारभार बघणारी त्यांची निवडून दिलेली मंडळं तेराव्या शतकापासून आहेत. त्यांचा वेगळा कर प्रत्येक घर भरतं आणि कुरकुरतही भरतं. तरी जुलै २०२१ मध्ये, इकडे चिपळूण नि सांगली पाण्यात असताना, त्यांच्याही दक्षिणेकडच्या फाल्कनबुर्ख गावात लहानशा खेउल नदीने घराघरांत चिखल केला. शेजारच्या जर्मनी आणि बेल्जियममध्ये मिळून दोनशेवर माणसं दगावली. मोठ्या नदीला अंगण दिलं, तोवर धाकटीने दार ठोठावलं.

लेंटच्या बेटावर जायला एक पूल आहे, त्याबद्दल सांगायचं राहिलंच. झालिखे पूल. तो मुद्दाम इतका खाली बांधला आहे की नदी चढली की बुडतो. मग काँक्रीटच्या ठोकळ्यांवरून उड्या मारत काही काळ जाता येतं, पुढे तेही बुडतात. बहिणीने मोबाइलवर बुडालेल्या पुलाचे फोटो दाखवले, लोक हौसेने बघायला जातात म्हणाली. “ताई, वेडे आहेत ना?” मी म्हटलं, “अगं, वेडे कसले, आपण नाही का वाडीला जात?” नरसोबाच्या वाडीला पावसाळ्यात कृष्णा देवळात येते तेव्हा कुणी हळहळत नाही. उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मठात नेतात, पाणी पादुकांवरून वाहून दक्षिण दारातून बाहेर पडलं की लोक त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला पहाटे धावतात. पाणी येणार हे धरूनच ते देऊळ बांधलेलं. आपल्या घाटांच्या पायऱ्यांचंही तेच आहे, नदीने वर यावं नि खाली जावं म्हणूनच त्या. हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असं नाही. घाटाच्या मागे प्लॉट पाडले तेव्हा ते बाजूला ठेवलं गेलं.

(त्याच शहरात दुसरा एक पूल आहे, त्यावर रोज संध्याकाळी दिव्यांच्या ४८ जोड्या एकेक करून लागतात. १९४४ साली तिथे नदी ओलांडताना मेलेल्या ४८ अमेरिकन सैनिकांसाठी. विषय वेगळा आहे, पण गेलात तर चुकवू नका.)

एप्रिलच्या अखेरीस मी परतले. आल्या आल्या धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, एक प्लॉट बघितलाय, फार स्वस्त पडतोय, तुम्ही नजर टाका.” गेलो. शहराच्या कडेला, चारी बाजूंनी नव्या कुंपणाच्या भिंती, मध्ये पाणकणीस उगवलेलं. पाणकणीस जिथे उगवतं तिथली जमीन काय सांगते हे आपल्यापैकी शेतकऱ्याच्या घरच्या लेकींना ठाऊक असेल. बाजूने एक ओढा जात होता. मध्यस्थ म्हणाले, “ओढ्याची काळजी नको, पाइप टाकून बुजवून घेऊ, तुमची जागाच वाढेल.” पुरुषमंडळी चटईक्षेत्राचं बोलत होती तेवढ्यात मी समोरच्या घरातल्या बाईंकडे प्यायला पाणी मागितलं आणि सहज विचारलं, २०१९ ला इथे कुठवर आलं होतं? तुम्हीही घर किंवा प्लॉट बघायला गेलात तर पाटबंधारे खात्याची पूररेषा आणि नगरपालिकेतला नकाशा जरूर बघा, पण त्याच गल्लीतल्या बाईलाही विचारा, आणि शक्यतो पुरुषांच्या माघारी. त्या काही बोलल्या नाहीत. मला आत स्वयंपाकघरात नेऊन खिडकीच्या चौकटीवर खिळ्याने मारलेली रेघ दाखवली. माझ्या खांद्याइतकी होती. खाली अजून एक, २०२१ ची.

दिरांनी तो प्लॉट सोडला. घरात दोन दिवस जरा धुसफूस झाली, कारण त्या पैशांत दुसरीकडे निम्मीच जागा मिळते. परवा शाळेतून येताना मी मुद्दाम तिकडून आले. ओढा बुजवलेला आहे. कुणीतरी मुरमाचा दोन फूट भराव टाकून पाया घेतला आहे, आणि भरावाच्या कडेला एक बाई, बहुधा घराची मालकीणच, हातात नकाशा धरून गवंड्याला ओटा कुठे येणार ते दाखवत होती. मी थांबले आणि रस्ता ओलांडून तिच्याकडे गेले.